कारण लिहायचा रकाना

विडी घरकुलातल्या आमच्या पाळणाघराला
मदतनीस हवी होती. 'हवी' असंच छापलं होतं.
तरी अकरा अर्जांत एक दशरथ यनगंदुल,
वय एकेचाळीस, माग बंद पडून वर्ष झालेलं.

बायकांना मी विचारलं, आठ वाजता याल का?
त्याला विचारलं, का यायचंय?
मग, पिता का. घरी कोण. पोलिसात कधी नाव?
त्याने दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवले होते,
जणू मी शाळेतली बाई आणि नखं तपासायचा सोमवार.
नखं कापलेली होती. अगदी मुळापासून.

बोलला थोडंच.
बहिणीची दोन वाढवली. ती पानं कातरायची,
मांडीवर सूप, मांडीला जागा कुठली;
म्हणून पोरं याच्या मांडीवर.
रात्रपाळी करून आला की दुपारी झोपायचा
एक पाय पाळण्याच्या दोरीत अडकवून.
"माग चालू असताना तुटका धागा कळतो, बाई.
ऐकून. तेवढ्या खडखडाटात.
पोराचं रडणं त्याहून सोपं."

मी मान हलवली.
मला कधीच कळलेलं नाही, कुठलं रडणं कसलं.
मूल उचललं की माझे खांदे कडक होतात.
सव्विसाव्या वर्षी संस्थेने किल्ल्या दिल्या
तेव्हा कुणी विचारलं नाही, तुम्हाला जमतं का.
साडी होती अंगावर. पुरलं.

समितीत गज्जम सर म्हणाले,
साडेसहा हजारांत गडी माणूस भागवणार कसं?
कुणी हसलं नाही. मीही नाही.
साडेसहा हजारांत रेणुका भागवते.
तिची माया अंगचीच, म्हणतात,
आणि अंगचं जे असतं त्याचे पैसे कोण मोजतं.
रेणुका चिमटे काढते. मला माहीत आहे.
न झोपणाऱ्या पोरांच्या दंडाला, आतल्या बाजूने.
तिला मी दोनदा बोलले आणि ठेवली.

दारात आया होत्याच.
"गडी ठेवलालाव काय ओ अक्का? पोरींची जात हाय आमची."
त्यांची भीती खोटी नाही.
तिला तोंडं आहेत, काही गल्लीतली, काही घरातलीच.
त्यातलं एकही दशरथचं नव्हतं,
पण चेहरे जुळवत बसायला वेळ कुणाला,
हजार विड्यांचा हिशेब संध्याकाळी द्यायचा असतो.
म्हणता आलं असतं:
दार काचेचं करू. एकट्याने कुणीच नको आत,
बाईनेही नको, गड्यानेही नको.
मी म्हणाले, छे हो, कोण ठेवतंय.

जाताना तो ओट्यावर चपला शोधत होता.
एक सहस्राने पळवलेली, सव्वा वर्षाची आमची,
पट्टा चावत बसली होती खांबाशी.
तो वाकला, हात पुढे केला,
माझ्याकडे पाहिलं,
हात मागे घेतला
आणि उभा राहिला मार्चच्या उन्हात,
अनवाणी पाय दुसऱ्या पायावर ठेवून,
मी चप्पल सोडवेपर्यंत.
मला वेळ लागला. तिने भोकाड पसरलं.
"दाढा येतायत तिला," तो म्हणाला. लांबूनच.

रजिस्टरात अकरा नावं.
नऊ जणींपुढे कारणं सरळ लिहिली:
शिक्षण कमी. राहायला लांब. गरोदर आहे.
दहावी सोमवारी कळवते म्हणून गेली होती.
दशरथपुढे लिहिलं, जागा भरली.
भरली नव्हती अजून.
तारीख तेवढी खरी घातली.